अनोळखी गिऱ्हाईक

त्या मंगळवारी, म्हणजे त्रिंबकआप्पांच्या आयुष्यातल्या शेवटच्या पूर्ण दिवशी, सकाळी चहाची बशी खाली ठेवून आप्पांनी जाहीर केलं की, आपल्याला फसवेल असा दुकानदार जालन्याच्या बाजारात अजून जन्माला यायचा आहे. आणि आलाच जन्माला, तरी धंदा शिकायला त्याला आधी आपल्या राजूरलाच यावं लागेल.

कूलर घ्यायचा होता. जुन्याचा पत्रा खालून इतका कुजला होता की, पाणी टाकीत कमी आणि ओसरीत जास्त राहायचं. सोनूबाई महिनाभर नवऱ्याला सांगत होत्या, गणपतीच्या रस्त्यावर दुकान आहे, तिथून आणा. पण घराजवळच्या दुकानातून वस्तू घेणं म्हणजे आप्पांच्या मते स्वतःच खिसा उलटा करून दाखवणं. त्या दुकानदाराला आपलं सोयाबीन कधी विकलं ते माहीत असतं. तो भाव वस्तूचा सांगत नाही, आपल्या ऐपतीचा सांगतो.

आप्पांचं उभं तारुण्य मेंढरांच्या बाजारात गेलं होतं. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि शेजारी उभ्या माणसाला आकड्याचा वासही लागत नाही. तिथेच ते आणखी एक शिकले होते. बाजूला उभं राहून 'मी घेतो, मी घेतो' म्हणणारा बहुतेक वेळा विकणाऱ्याचा मेहुणा असतो. तेव्हापासून जगातल्या कुठल्याच गिऱ्हाइकावर त्यांचा विश्वास राहिला नाही. मेथीची जुडी घेताना शेजारच्या बाईकडेही ते अशा नजरेने बघत की, ती बिचारी हातातली जुडी ठेवून पुढे जाई.

यावर त्यांनी स्वतःची पद्धत बसवली होती. दुकानदार खोटं गिऱ्हाईक उभं करतो ना, मग आपणही करायचं. एकाच वस्तूचा भाव चार माणसांनी, एकमेकांची ओळख न दाखवता, वेगवेगळा विचारून यायचा. चौघांना सांगितलेले भाव जुळले नाहीत, तर दुकानदार लबाड. तंतोतंत जुळले, तर जास्त लबाड.

या फौजेतली सगळ्यात जुनी हेर म्हणजे त्यांची मुलगी सत्यशीला. मंठ्याच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती आणि चार दिवस माहेरी आली होती. तिची नेमणूक मात्र ती सातवीत असतानाच झाली होती. चपलांच्या दुकानात आप्पा तासभर घासाघीस करत होते आणि नेमकी तिच्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर आत आली. तिने विचारलं, ते उपरणंवाले तुझे कोण? सत्यशीला म्हणाली, कोणी नाही. आप्पांनी ते ऐकलं. बाहेर आल्यावर त्यांनी पोरीची पाठ थोपटली. म्हणाले, "भले. वळख दाखवली न्हाई. दुकानदार पार गोंधळला."

त्या दिवसापासून बापलेक दुकानात अनोळखी झाले. ती हुशारी नव्हती, लाज होती, हे सत्यशीलाने पुढच्या तीस वर्षांत सांगितलं नाही. आणि एकाही दुकानात, एकाही माणसासमोर, 'हे माझे वडील' असंही ती कधी म्हणाली नाही. आधी लाजेने, मग सवयीने.

सोमवारीच हेर कामाला लागले होते. शेजारचा भागवत दवाखान्यासाठी जालन्याला गेला होता. त्याने राधेश्याम शेठच्या दुकानात मोठ्या पत्र्याच्या कूलरचा भाव काढला: सात हजार. दुपारी आप्पांची जालन्यातली बहीण कडूबाई गेली. तिला शेठने सात हजार दोनशे सांगितले. संध्याकाळी कडूबाईची सून प्रांजली गेली, तोवर भाव साडेसात हजार झाला होता. आप्पांनी तिन्ही आकडे कॅलेंडरवर लिहिले आणि तिन्हींभोवती गोल काढले. शेवटी म्हणाले, आपल्यात कोणीतरी फितूर आहे. संशय भागवतवर होता, कारण त्याने एकट्यानेच कमी भाव आणला होता.

सोनूबाईंनी भाकरी थापता थापता तोंड उघडलं. "एका दिवसात तीन माणसं एकाच कूलरला विचारून राह्यले, तर शेठ भाव चढवल न्हाई तर काय करल? तुमच्या मेंढरबाजारात दुसरं काय व्हतं?"

"तुला धंद्यातलं कळत न्हाई," आप्पा म्हणाले आणि शेवटचं अस्त्र बाहेर काढलं. म्हणजे सत्यशीला.

बसमध्ये दोघं वेगळ्या बाकांवर बसले. निम्मी बस राजूरची होती आणि त्या सगळ्यांना हे बापलेक असल्याचं ठाऊक होतं. तरी आप्पांनी वाटेत तिला विचारून घेतलं, "बाई, ही गाडी जालन्यालाच चालली ना?" मागच्या बाकावरचा माणूस खोकल्यासारखं करून हसला. सत्यशीलाने पुस्तकात डोकं घातलं.

खुणा ठरल्या होत्या. आप्पांचं उपरणं उजव्या खांद्यावर आलं की तिने म्हणायचं, समोरच्या दुकानात कमी सांगितलाय. डाव्या खांद्यावर आलं की तडक बाहेर पडायचं. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. फक्त वैशाखाचं ऊन होतं आणि आप्पांना घाम फार यायचा, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सत्यशीला आधी आत गेली. पाच मिनिटांनी आप्पा योगायोगाने आले. उपरणं उजव्या खांद्यावर होतं, म्हणून ती म्हणाली, समोर कमी सांगितलाय. आप्पांनी मान पुसली आणि उपरणं डाव्या खांद्यावर टाकलं. ती तडक बाहेर पडली. दारातून वळून पाहते तो उपरणं पुन्हा उजवीकडे. ती परत आत आली आणि म्हणाली, समोर कमी सांगितलाय. आप्पांनी कपाळ पुसलं. ती बाहेर. त्यांनी गळा पुसला. ती आत. चौथ्या खेपेला राधेश्याम शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

त्यांचा संशय बळावत चालला होता. ही बाई समोरच्या दुकानाची माणूस आहे, आपला भाव तिकडे आणि तिकडचा इकडे करून राहिली आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी आप्पांना विचारलं, काका, या तुमच्या ओळखीच्या का? आप्पा म्हणाले, आयुष्यात पाहिली न्हाई. मग शेठ तिच्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही ओळखता यांना?"

"नाही," सत्यशीला म्हणाली. तीस वर्षांच्या सरावाने, अगदी सहज.

मग उपरणं डावीकडे गेलं आणि ती कायमची बाहेर पडली. समोरच्या रसवंतीत बसून तिने पाहिलं. आप्पा आणि शेठ जवळ सरकले आणि दोघांचे हात उपरण्याखाली गेले. आप्पांनी शेठला मेंढरबाजार शिकवला होता. थोड्या वेळाने हात झटकन बाहेर आले, काहीतरी बोलणं झालं आणि कूलर टेम्पोत चढला.

टेम्पोत ती त्यांच्या शेजारी बसली. किती पडला, विचारलं.

"पडला बराबर," आप्पा म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

तिला ते खटकलं. सुई घेतली तरी तीन गावांना भाव सांगणारा हा माणूस कूलर घेऊन गप्प होता. म्हणजे फसले असणार. वय झालं आता, असं तिच्या मनात आलं.

बुधवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेले.

माणसं येऊ लागली, तसा नवा कूलर ओसरीत लावला. सांत्वनाला आलेले थोडा वेळ मान खाली घालून बसत. मग त्या गार हवेत जरा सावरून हळूच विचारत, केवढ्याला पडला? घरात कोणालाच सांगता येत नव्हतं.

तेराव्यानंतर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पावती सापडली. सहा हजार नऊशे लिहून खोडलं होतं आणि खाली सात हजार पाचशे लिहिलं होतं. सत्यशीलाने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती, पण संशय तिला घरातूनच मिळाला होता. हातावर एक भाव ठरला आणि कागदावर दुसरा चढवला, म्हाताऱ्या माणसाला शेठने लुटलं. हे तिला आरशासारखं स्वच्छ दिसलं. दुसऱ्या दिवशी ती जालन्याला गेली. वाटेत तिने काय बोलायचं ते मनात नीट जुळवलं. त्यात ग्राहक मंच दोनदा येत होता.

शेठने तिला लगेच ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. तिने पावती टेबलावर ठेवली आणि खोडलेल्या आकड्यावर बोट टेकवलं.

"तो मी न्हाई खोडला, ताई," राधेश्याम शेठ म्हणाले. "काकांनी खोडायला लावला."

मग त्यांनी सांगितलं. हात उपरण्याखाली असताना एकोणसत्तरशेवर सौदा झाला होता. पावती लिहिता लिहिता शेठ बोलून गेले होते की, काका, तुम्ही सरळ माणूस, म्हणून तुम्हाला खाली दिला. ती बाई मात्र लबाड. दुसऱ्याचं खाऊन आमचा भाव फोडायला आलेली, अशा बाईला मी दारात उभं करणार नाही.

"काकांनी माझा हातच धरला. म्हणले, शेठ, जबान सांभाळा. ती माझी लेक हाय. मंठ्याला कॉलेजात पुस्तकं सांभाळते. लबाडी माझी हाय, ती नुसती बापाचं ऐकून राह्यली." शेठ जरा हसले. "मंग ती दुसरी माणसं कोणी पाठवली तेबी सांगितलं सगळं. म्हणले, आता खोडा अन् तुमचा साडेसातचाच भाव लावा. मी म्हणलं राहू द्या. ऐकलं न्हाई."

सत्यशीलाने जुळवून आणलेल्या भाषणातला एकही शब्द तिच्या कामाचा उरला नव्हता. तिने पावतीची घडी केली, उलगडली आणि पुन्हा केली. शेठने विचारलं, कूलर बराबर चालून राह्यला ना? काका न्हाई आले?

दुकानात दोन कूलर घरघरत होते. एक बाई मघापासून एका कूलरचा पत्रा वाजवून बघत होती आणि कान इकडे लावून होती. दुकानदाराने उभं केलेलं खोटं गिऱ्हाईक म्हणजे सत्यशीलाच, असं त्या बाईला वाटत असावं. जवळ येऊन, सत्यशीलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तिने विचारलं, "कोण काका? तुमचे कोण लागतात ते?"

"माझे वडील," सत्यशीला म्हणाली.

कूलरच्या आवाजात बाईला ऐकू गेलं नाही. तिने कानामागे हात धरला. सत्यशीला खुर्चीतून उठली आणि रस्त्यापलीकडच्या दुकानालाही कळेल इतक्या मोठ्याने म्हणाली, "वडील होते ते माझे!"