आयर्लंड, मार्गे अकोला

धर्मपाल तायडे यांचा व्हिसाचा अर्ज पासपोर्टसकट मुंबईला गेला, एवढीच काय ती बातमी होती. अमरावतीत राजापेठेतल्या त्यांच्या गल्लीने ती ‘तायडे साहेब आयर्लंडला चालले’ अशी घेतली. लेक प्रियदर्शनी तिकडे एम.एस. झाली होती. तिला काळ्या झग्यात पदवी घेताना बघायचं, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला आता एवढी एकच हौस उरली होती.

शेजारच्या वामनरावांना दुसऱ्याच्या कार्याचा उत्साह फार. त्यांनी परस्पर सत्कार ठरवला. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर धर्मपालांच्या डोळ्यांवर गॉगल चढवला होता. भाषणाच्या भरात वामनराव म्हणाले, “येत्या गुरुवारी तायडे साहेब उडून राहिले!”

“अजून व्हिसा आला नाई, वामनराव,” धर्मपाल त्यांच्या कानात पुटपुटले.

“येते ना तो! तुमच्यासारख्या माणसाले कोण अडवते?”

खरं तिकीट त्याच्याही पुढच्या आठवड्यातलं होतं. पण टाळ्या पडल्यावर दुरुस्ती सांगायला जिगर लागते आणि धर्मपालांनी जन्मात कुणाचा हिरमोड केला नव्हता. गुरुवारी गल्लीने ऑटो करून त्यांना आणि मुंबईपर्यंत सोडायला निघालेल्या पत्नी शालूताईंना बडनेऱ्याच्या स्टेशनवर नेलं, हार घातले, मुंबईच्या गाडीत बसवलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवले. दोघं अकोल्याला उतरले आणि शालूताईंचा भाऊ देवमन याच्या घरी जाऊन लपले.

“फोन बंद ठेवा,” शालूताई म्हणाल्या. “कोणाचा आला तं काय सांगसान? अकोल्यात आहो म्हणून?”

चार दिवसांनी देवमनच्या फोनवर प्रियदर्शनी बोलली. “बाबा, व्हिसा झाला! पासपोर्ट परवाच कुरिअरनं घरी निघाला, मला आत्ता कळलं.”

धर्मपालांनी डोळे पुसले आणि मग एकदम दचकले. घरी म्हणजे अमरावतीला. तिथे दाराला कुलूप. त्यांनी घाईघाईने कुरिअरच्या ऑफिसला फोन लावला.

“ते पाकीट कालच घेऊन गेलतो,” तिकडचा माणूस म्हणाला. “तुमचा फोन बंद. शेजारच्या काकायनं लिहून देलं, साहेब आयर्लंडले गेले म्हणून. फ्लेक्स बी दाखवला. आज संध्याकाळच्या गाडीत परत मुंबईले टाकून राहिलो.”

“थांबवा! मी तायडेच बोलून राहिलो!”

“आयर्लंडहून?”

“अकोल्याहून.”

“मंग ज्यायनं लिहून देलं, त्यायलेच संगं आना. आधार कार्ड बी.”

म्हणजे वामनरावांपुढे उभं राहणं आलं. एसटीत अमरावती येईपर्यंत धर्मपाल माफीची वाक्यं जुळवत होते आणि शालूताई एकेक नापसंत करत होत्या. वामनरावांनी दार उघडलं, त्यांचा चेहरा पडला, आणि त्यांनी दोघांना आत ओढून दार लावून घेतलं.

“वामनराव, मी गेलोच नाई,” धर्मपालांनी सगळं एका दमात सांगितलं. “माफ करा, पन आधी कुरिअरवाल्याकडं चाला. नाई तं पोरीचा कार्यक्रम हुकते माहा.”

“तुमाले कोणी पाह्यलं तं नाई ना?”

“नाई. कावून?”

वामनराव खाली बघत म्हणाले, “मी गल्लीत सांगून ठेवलं, तुमचा रोज व्हिडिओ कॉल येते. तिथली थंडी, रस्ते, जेवन, सगळं सांगतलं. ते समोरची पार्बताबाई रोज सकाळी तिथलं हवामान विचाराले येते.”

त्या आठवड्यात धर्मपालांना पहिल्यांदाच हलकं वाटलं.

वामनरावांनी कुरिअरच्या ऑफिसात ‘साहेब गेलेले नाहीत’ असं मुकाट्याने लिहून दिलं. पाकीट मिळालं. धर्मपालांनी व्हिसावर दोनदा बोट फिरवून पाहिलं. तिघं बाहेर पडले तर समोर फुलांची टोपली घेऊन पार्बताबाई उभ्या.

“अरे बापा! तायडे साहेब! इतक्या लवकर परत कावून आले?”

वामनराव धर्मपालांच्या मागे सरकले. खोटं बोलणं धर्मपालांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पाकीट वर धरून दाखवलं. “पासपोर्ट घ्यायले आलो.”

“अन् मंग पासपोर्टबिना तिथं गेले कसे?”

धर्मपालांनी पाकीट शर्टाच्या आत, छातीशी नीट सरकवलं.

“ते वामनरावले विचारा, बाई. त्यायले तिथलं सगळं माहीत आहे.”