मांजरीला चालतं

लग्नाला महिना व्हायच्या आत नव्या सुनेचं घरातल्या मांजरीशी वाकडं आलं. सासूशी नाही, नणंदेशी नाही, मांजरीशी! आता मांजरीशी वैर धरणारी बाई म्हणजे जरा अतीच, असं तुम्ही म्हणाल. पण तिची बाजू ऐका तरी.

नवऱ्याचं खाली चष्म्याचं दुकान, म्हणून सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. स्वभावानं गरीब आणि इतका लाजाळू, की बायकोला हाक मारायची तर आधी दोनदा खाकरायचा. एकदा तो नमाजीसाठी वुजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन, बाहेर आला आणि तिनं प्रेमानं टॉवेल पुढे केला. बोटाला बोट लागलं. "अरेच्चा!" म्हणत गडी उलट पावली नळाखाली. पुन्हा हात, पुन्हा तोंड, पुन्हा पाय. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या दाढीवरचा थेंब टिपला, तर शॉक बसल्यासारखा मागे सरला. बरं, एवढं धुऊन-पुसून स्वारी मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजीच्या चटईवर, बसली की मांजरी खुशाल मांडीत चढायची, हनुवटीला डोकं घासायची, आणि हा तिला कुरवाळायचा! सुनेच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"मी बोट लावलं की पळता, आणि ही बया अंगावर लोळते ते चालतं?"

"मांजरी पाक असते गं," चष्मेवाला टोपी शोधत म्हणाला.

"म्हणजे मी नापाक?"

"तसं नाही! आमच्याकडे ते जरा... आल्यावर सांगतो, मशिदीत नमाज सुरू होईल." आणि जिना उतरून पसार. आल्यावर तो खाकरला, पण तोवर हिचं तोंड फुगलेलं.

"मांजरीला सांगा," एवढंच ती म्हणाली.

तिच्या माहेरी असलं काही नव्हतं. वडील वुजू करून निघाले की आई दारात त्यांची कॉलर नीट करायची, कानामागचा साबण पुसायची आणि वडील तसेच मशिदीत जायचे. मग हे काय नवीन? तिनं नजर ठेवायला सुरुवात केली, आणि जे दिसलं त्यानं तर तिचं डोकंच फिरलं. सासूनं वुजू केलेल्या लेकाचा गाल कुरवाळला, चाललं. नणंदेनं गळ्यात हात टाकला, चाललं. आत्यानं पाठीत धपाटा घातला, तोही चालला. अख्ख्या घरात नको होती ती एकटी बायको.

"ठीक आहे," सून स्वतःशी म्हणाली. "बघतेच आता."

शुक्रवारी दुपारी चष्मेवाला वुजू करून बाहेर आला, तर ही बटण लावायला हजर. बोटं गळ्याला लागली. तो मुकाट्यानं परत गेला. मग तिला त्याच्या बाहीवर धागा दिसला. मग किल्ल्या हातात द्यायच्या राहिल्या होत्या. मग काहीच सुचेना, तर तिनं सरळ त्याचं कोपर धरलं आणि म्हणाली, "काही नाही, सहज." बिचारा दर वेळी नळ सोडत होता. शेवटी त्याचा डावा पाय धुऊन होतो न होतो तोच नळ खोकला, गुरगुरला आणि गप्प झाला.

त्याच क्षणी पलीकडच्या न्हाणीघरातून सासऱ्यांची आरोळी आली. शुक्रवारच्या नमाजीआधीची त्यांची आंघोळ निम्म्यावर होती.

"पाणी कोणी संपवलं? डोळ्यात साबण गेलाय माझ्या!"

सासू धावत आली. चष्मेवाला मान खाली घालून उभा. बायकोचं नाव काही त्यानं घेतलं नाही, आणि त्यामुळेच तिला जास्त रडू फुटलं.

"मी संपवलं! सारखा हात लावत होते ह्यांना. ह्या घरात मांजरीला मान आहे, मला नाही. माझी घाण वाटते ह्यांना, अम्मी!"

सासूनं लेकाकडे पाहिलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. मग तिला असं हसू आलं, की भिंत धरून ती खालीच बसली.

"अगं वेडे! तुम्ही हनफी, आम्ही शाफई; चार मोठ्या इमामांपैकी तुम्ही एकाला मानता, आम्ही दुसऱ्याला. सोयरीक जुळवताना घर पाहिलं, दुकान पाहिलं, हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. तुमच्या इमामांच्या मते नुसता हात लागून वुजू जात नाही. आमच्यात जातो. पण कोणाचा हात? आईचा नाही, बहिणीचा नाही, आत्याचाही नाही. मी ह्याला दिवसभर कुरवाळलं तरी ह्याचा वुजू जागचा हलत नाही. माझा हात काय नि मांजरीचं शेपूट काय, सारखंच. तुझं नुसतं बोट लागलं, तर ह्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आता सांग, मान कोणाला?"

सुनेचं रडू थांबलं. तिनं नाक पुसलं, नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता, म्हणजे लाजत होता. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही तेज चढलं, की मांजरीकडे तिनं चक्क दयेनं पाहिलं.

"म्हणजे फक्त माझ्याच हातानं?" तिनं खात्री करून घेतली.

सासू उत्तर देणार, तेवढ्यात दार वाजलं. आरडाओरडा ऐकून शेजारची मामेबहीण पाण्याची बादली घेऊन आली होती. तरतरीत, हसतमुख, लग्नाची. चष्मेवाला पुढे झाला, बादलीची कडी धरली, आणि कडीखाली दोघांची बोटं एकमेकांना लागली. मामेबहीण बादली देऊन निघून गेली. चष्मेवाल्यानं क्षणभर विचार केला आणि बादलीत तांब्या बुडवून हात धुवायला लागला.

"अरे, ते पाणी माझं!" आतून सासरे ओरडले.

सुनेचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. "थांबा. आता काय झालं?"

"वुजू गेला," तो पुटपुटला.

"तिच्या हातानं? अम्मी, तुम्ही तर म्हणालात बहिणीच्या हातानं जात नाही!"

"सख्ख्या गं," सासू चाचरत म्हणाली. "मामेबहिणीशी... म्हणजे नुसतं शास्त्रापुरतं हं... लग्न होऊ शकतं ना, म्हणून तिच्याही हातानं जातो."

"होऊ शकतं?"

सून पुढे झाली, पदर खोचला आणि नवऱ्याच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"हे बघा, मोठ्या चार इमामांचं जे काय असेल ते असेल, मला सगळे सारखेच. पण ह्या घरात आजपासून असं चालायचं: तिच्यापुरते तुम्ही हनफी. माझ्यापुरते शाफईच राहा!"