पालथे पडलेले तात्या

आमच्या शेजारच्या वस्तीवरचे तात्या रोज सकाळी ओट्यावर पालथे पडून पाय झाडतात. पोट ओट्यावर, कमरेखालचा भाग हवेत आणि दोन्ही पाय वरखाली, वरखाली. नवा दूधवाला पहिल्यांदा आला तेव्हा त्याला वाटले, म्हाताऱ्याला फेफरे आले. त्याने पायातली चप्पल काढून तात्यांच्या नाकाला लावली. तात्या पाय न थांबवता म्हणाले, "बाजूला हो रं. ताल मोडतोय."

तात्यांनी उभा जन्म साखर कारखान्यात बॉयलरपुढे काढला. बायको जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा पुण्यात. आमची विहीर सामायिक, म्हणून बोलणे होते. नाहीतर मी कुणाच्या ओट्यावर फार जात नाही.

हे पाय झाडणे गेल्या उन्हाळ्यापासूनचे. तात्या मुलाकडे गेले होते. नात सई तिथे पोहण्याच्या तलावावर सराव करते. तिच्याबरोबर तात्याही उतरले. आमच्याकडे सगळे विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. विहिरीत लांब जायला जागा कुठे? बुडायचे नाही, एवढेच शिकायचे. म्हणून आमची माणसे डोके वर काढून, गुडघे वाकवून पाणी तुडवतात. तात्यांनी तलावात तेच केले. पाणी काठावरच्यांच्या अंगावर आणि माणूस जागेवरच. सईच्या मैत्रिणी हसल्या. सई म्हणाली, "आजोबा, तुम्ही सायकल चालवताय. उद्यापासून माझ्याबरोबर नका येऊ."

तात्या दुसऱ्या दिवशी एसटीने परत आले आणि मोबाईलवर पोहण्याचे व्हिडिओ बघू लागले. पुढच्या मे महिन्यात सई इकडे येणार, तिला नीट पोहून दाखवायचे, म्हणजे ती पुन्हा तलावावर नेईल, असा त्यांचा बेत.

तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच. "जोर मांडीतला पायजे. गुडघा नुसता मागनं येतो." लंगडणारी गाय बघायला डॉक्टर आला, त्यालाही हेच ऐकवले. मी गिरणीवरून दळण घेऊन येत होते तर मागून ओरडले, "आक्का, गुडघ्यातनं चालताय. मांडीतनं चाला."

मी म्हणाले, "तात्या, माझ्या मांडीचं तुमी बघू नका."



विहिरीत उतरले की मला काठावर उभे करायचे. "गुडघा वाकतो का, तेवढं सांगा."

"वाकतोय."

"आता?"

"आता बी वाकतोय. घोटा तर लाकडासारखा हाय."

बरे वाटावे म्हणून खोटे बोलायची मला सवय नाही. पण उन्हाळा येईपर्यंत पाय खरेच सुधारले. पाण्यावर नुसता बारीक फेस, टाचा जेमतेम दिसायच्या आणि तात्या या कडेचे त्या कडेला सुतासारखे सरळ जायचे.

मे महिन्यात सई आली, आईबापाबरोबर एका लग्नाला जाता जाता. तात्यांनी तिला विहिरीवर आणले. ती कठड्यावर बसली. तात्या पाण्यात उतरले आणि असे पोहले की मला नाव ठेवायला काही उरले नाही. सई मोबाईलमध्ये बघत होती. तिने मान वर करून अंगठा दाखवला, तेव्हा तात्या पोहून पायरीला येऊन लागले होते. तेवढ्यात वस्तीवरून गाडीचा हॉर्न वाजला. "मस्त हं, आजोबा," म्हणून ती गेली.

तात्या पायरीवर बसून राहिले. अंगावरचे पाणीही पुसले नाही.

"आक्का, तिनं पाह्यलं का?"

"न्हाई."

त्यांनी पाण्यात पाय सोडले. मग म्हणाले, "तुमी तर पाह्यलं ना?"

"पाह्यलं. गुडघा न्हाई वाकला."

"मग अजून एक खेप मारतो. बसा थोडं."

घरी भाकरी थापायच्या होत्या. मी बसले.