भाजून ओढलेल्या तारेचं पेटंट

एका जंगलात, बाळांनो, धबधब्यावर वीज तयार व्हायची. पण गुहांपर्यंत येता येता अर्धी वीज तारेतच तापून वाया जायची. दिवे कसेबसे मिणमिणायचे.

तिथे कंटकाबाई नावाची साळिंदरीण राहायची. तिने एक काळी भुकटी चांदीच्या नळीत भरली. नळी ओढून ओढून तिची बारीक तार केली आणि मग ती भट्टीत भाजली. बर्फाहूनही गार ठेवली, की या तारेतून वीज जराही वाया न जाता पळायची. कंटकाबाई इतकी खूश झाली, की शेजारच्या नकुलराव मुंगसाला जेवायला बोलावून तिने सगळी कृती सांगितली.

आठवड्याभरात नकुलरावाने पेटंटसाठी अर्ज ठोकला.

कंटकाबाईचे काटे उभे राहिले. "भावजी, ही तर माझी पद्धत."

"छे हो, वहिनी. तुम्ही ओढून भाजता. मी भाजून ओढतो."

खटला हत्तीमहाराजांपुढे गेला. निकाल लागेपर्यंत कुणी काही ओढायचं नाही आणि भाजायचं नाही, असा हुकूम निघाला. गाढवाची गाडी थांबली. अस्वलाला कच्ची कणसं खावी लागली. जो तो कंटकाबाईलाच बोल लावायचा. तिला रडू यायचं, पण ती हटली नाही.

शेवटी महाराज म्हणाले, "दोघांनी इथेच तार करून दाखवा."

कंटकाबाईची तार गार करताच दिवा लख्ख पेटला. नकुलरावाने आधी भाजलं, मग ओढलं. नळीतलं सारं पापडासारखं मोडलं. दिवा ढिम्म.

आता जिंकलोच, असं कंटकाबाईला वाटलं.

महाराजांनी सोंडेने कान खाजवला. "आधी ओढावं, मग भाजावं, हे बघितल्यावर कुणालाही पटतं. म्हणजे त्यात नवीन काही नाही. पण भाजलेलं ओढायचं आजवर एकाही प्राण्याला सुचलं नव्हतं. पेटंट नकुलरावांचं."

नकुलरावाचा सत्कार झाला. कंटकाबाई घरी येऊन भांडी आपटत बसली.

सकाळी दारात अस्वल, गाढव आणि माकडांचं अख्खं खटलं हजर. अस्वल म्हणालं, "बाई, तुमची पद्धत आता कुणाच्याच मालकीची नाही ना? मग आम्हालाही शिकवा की."

कंटकाबाई आधी फणफणली. मग हसली, आणि पदर खोचून भट्टी पेटवायला गेली.

महिन्याभरात जंगल उजळलं. नकुलरावाची परवानगी न घेता भाजून ओढण्याचा गुन्हा मात्र कुणीही केला नाही.

तात्पर्य : आपला शोध जन्मभर आपल्या एकट्याचाच राहावा असं वाटत असेल, तर तो कुणाच्याही उपयोगाचा नाही, याची आधी नीट खात्री करून घ्यावी.