डबल बेल

कॅम्पिंगला आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, भाड्याने घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. (ठरवलं म्हणजे आधी बुक केली, मग घरी सांगितलं.) काय सांगू, मी इतका खूश होतो, की आमच्या कनाटा गावापासून थेट तळ्याकाठच्या पार्कपर्यंत समोरून येणाऱ्या प्रत्येक आरव्हीवाल्याला हात केला!

उल्काची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, एकच अट होती. "निमिष, गाडीला एक जरी ओरखडा आला ना, तर तू राजनच्या तंबूत झोपायचंस."

राजन माझा साडू. तो आणि मेहुणी अस्मिता मिसिसागाहून आदल्या दिवशीच येऊन तंबू ठोकून बसले होते. जमिनीवर झोपलं तरच ते कॅम्पिंग, असं त्याचं मत. माझ्या कंबरेचं मत वेगळं आहे. शिवाय पार्कच्या गेटवरच अस्वलाचा बोर्ड!

पोचलो. आता गाडी रिव्हर्समध्ये जागेवर लावायची. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ऊन पडून मला माझंच तोंड दिसत होतं, म्हणून राजनला मागे उभं केलं.

"हे बघ, आपला एसटीचा नियम. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. कळलं?"

"कळलं रे! कुक्कुलं बाळ आहे का मी?"

थप-थप. घेतली मागे. थप-थप. घेतली. अहाहा, काय झोकात वळली हो! शेजारच्या साइटवरचे गोरे आजोबा खुर्ची फिरवून बघायला लागले. मी खुशीत हॉर्नसुद्धा मारला.

मग थप-थप-थप-थप! वा, डबल बेल, तीही दोनदा! मी जोरात घेतली. काहीतरी कडाडलं.

"बाबा! यू पार्क्ड ऑन द टेन्ट!" आमची लेक अनुया किंचाळली.

उतरून बघतो तर तंबूचं थालीपीठ. नशीब, आत कुणी नव्हतं.

"थांब म्हणून किती बडवलं!" राजन ओरडला.

"अरे, एकच थाप ठरली होती ना?"

"घाबरलो! दोन्ही हात आपोआप सुटले!"

मी गुडघ्यांवर बसून गाडी चहूबाजूंनी तपासली. एकही ओरखडा नाही! "उल्का, जिंकलो!" मी चक्क नाचलो.

उल्का राजनच्या उशा आरव्हीत नेत होती. "अभिनंदन. मोठ्या बेडवर राजन-अस्मिता, सोफ्यावर मी आणि अनुया."

"आणि मी?"

"तंबूत."

"अगं, तो उभा तरी राहतोय का?"

"तुला कुठे उभं राहायचंय? आडवंच व्हायचंय ना?"