शिल्लक : निरंक

बसाप्पाचा डोंगर फोडून संपला त्याला दीड वर्ष झालं होतं, पण त्याची सावली अजून रोज दुपारी तीनला पडत होती.

सोनकडवाडीत कुणाला याचं फारसं नवल वाटलं नाही. डोंगर सुकुमार शिरगुप्पे यांच्या क्रशरनं खाल्ला. त्याची खडी झाली, खडीचा रस्ता झाला आणि रस्ता दोन पावसाळ्यांत वाहूनही गेला. हपापाचा माल गपापा. डोंगराच्या जागी आता हिरवट पाण्याचा खड्डा होता. सावली मात्र वेळेची पक्की. तीनला खड्ड्याच्या काठावरून निघायची, चारच्या आत ओढा ओलांडायची आणि आक्काताई मगदूमच्या पानमळ्यावर येऊन बसायची. तिच्यात डोंगरावरच्या दोन लिंबांची सावली होती, देवळाच्या झेंड्याची होती आणि एका शेळीचीही होती. ती शेळी कुणाची, याबद्दल गावात दोन मतं होती.

आक्काताईला ही सावली हवीच होती. खायच्या पानाचा वेल भारी नाजूक. उतरतं ऊन त्याला सोसत नाही, दोन दिवसांत पानं भाजून निघतात. नवरा गेल्यापासून सोळा वर्षं तिनं हा अर्ध्या एकराचा मळा एकटीनं जगवला होता. मळ्यातल्या शेवरीची सावली सकाळपुरती पुरायची, दुपारचं काम डोंगराकडे. डोंगर संपला त्या दिवशी मळाही गेलाच असं तिनं धरलं. दुसऱ्या दिवशी तीनला सावली आली, तेव्हा ती बांधावर मटकन बसली आणि पोटभर रडली. पण त्यानंतर तिला चैन म्हणून पडेना. इतकी चांगली गोष्ट कुणाच्या तरी डोळ्यावर येणारच, हे ती जाणून होती. रोज अडीच वाजले की हातातलं काम टाकून ती ओढ्याकडे तोंड करून उभी राहायची.

आणि तसंच झालं. शिरगुप्पेंनी अर्ज केला की सावली हा डोंगराचाच उरलेला भाग असून परवाना अख्ख्या डोंगराचा होता, सबब ती उचलण्याची परवानगी मिळावी. आक्काताईनं हरकत घेतली. मोजणी खात्याचे वाघमोडे हे मान खाली घालून काम करणारे गृहस्थ. त्यांनी तिला समोर बसवून घेतलं.

"सावली तुमच्या सातबाऱ्यावर आहे का?"

"सातबाऱ्यावर न्हाई साहेब, पानांवर हाय."

"'इतर हक्क' या रकान्यात काही नोंद?"

"तितं धाकट्या दिराची विहिरीतली वाटणी हाय."

"मग सावली नाही."

"पर ती रोज येती की वो माज्याकडं."

"येण्याजाण्यानं मालकी लागत नाही, आक्का. मी रोज साहेबांच्या केबिनमध्ये जातो."

वाघमोडेंनी तीन दिवस फिता टाकून सावली मोजली. ती सरकत असल्यानं क्षेत्र काही निघेना. चालत्या वस्तूचं क्षेत्र धरता येत नाही, असा शेरा त्यांनी मारला. तेव्हा वरून आदेश आला, की क्षेत्र निघत नसेल तर खडीप्रमाणे ब्रासच्या मापानं मोजावी. परवानगी त्याच आठवड्यात मिळाली.

पोकलेन आला. सावली कडेकडेनं उचलू लागले. अंधार वाटेत सांडू नये म्हणून डंपरवर ताडपत्री बांधत, आणि ड्रायव्हर भर मे महिन्यात स्वेटर घालून बसत. माल जिल्ह्याच्या गावी जाई. काही एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगला गेला, काही बेदाण्याच्या शेडवर, आणि बराचसा एका शाळेच्या मैदानाला, कारण तिथली झाडं नुकतीच तोडली होती. लिंबांची सावली पहिल्या दिवशीच संपली. शेळीची दोन दिवस वेलांमधून पळत राहिली, तिसऱ्या दिवशी सापडली. अकराव्या दिवशी झेंड्याची तेवढी उरली होती, ती कामावरच्या एका बाईनं पाटीत भरून नेली.

बाराव्या दिवशी तीन वाजले आणि काहीच आलं नाही. लख्ख ऊन वेलांवर पडलं. आक्काताई एकेका पानाकडे बघत इकडून तिकडे येरझाऱ्या घालत राहिली. चार वाजले, पाच वाजले. एकही पान वळलं नाही. मग तिचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं. पानमळ्यात चपला घालून कुणी जात नाही, तीही अनवाणीच होती. माती गार लागत होती. शिरगुप्पेंच्या माणसांनी सावली नेली होती, पण तिच्यातला गारवा खालीच राहून गेला होता.

तिचा आनंद घटकाभरही टिकला नाही. उचल संपली की शिल्लक पाहणी होते. तिला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

वाघमोडे सकाळी साडेदहाला छापील नमुना घेऊन आले. ओढ्यापलीकडे एक डंपर इंजिन चालू ठेवून उभा होता, काही निघालंच तर भरायला. वाघमोडेंनी रिवाजाप्रमाणे बूट-मोजे काढले, मळ्यात पाय टाकला आणि जागच्या जागी थांबले.

"आक्का, पायाला गार लागतंय."

"सदा मोज्यात पाय तुमचं. तसंच वाटायचं."

ते दहा पावलं पुढं गेले. "इथंही लागतंय. गारवा शिल्लक असेल तर मला लिहावं लागतं. लिहिलं, की उचल."

"लिवा मग!" आक्काताईचा बांध फुटला. "डोंगर न्हेला, म्या गप बसले. सावली न्हेली, हरकत घिऊन बी गप बसावं लागलं. आता पायाखालचं बी न्या. चार दिसांनी येल वाळतील, ते बगायला बी तुमीच या. आणि त्येची बी मोजणी करा!"

वाघमोडेंनी मान वर करून ओढ्याकडे पाहिलं. पलीकडचा डंपर गुरगुरत होता. मग बांधावर बसून त्यांनी नमुना मांडीवर घेतला, 'शिल्लक' या शब्दापुढे 'निरंक' असं लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का मारला.

"आता नीट ऐका," बूट चढवत ते हळूच म्हणाले. "कागदावर निरंक आहे. म्हणजे इथं कुणालाही गार लागता कामा नये."

"मग काय करायचं आमी?"

"उकडायचं."

त्या दिवसापासून पानमळ्यात उकडू लागलं. पानं खुडायला येणाऱ्या बाया अंगभर चादरी गुंडाळून यायच्या आणि पदरानं वारा घ्यायच्या. आक्काताई स्वतः सकाळ-संध्याकाळ उन्हाळ्याला शिव्या द्यायची. तरी दर मोटारीच्या आवाजाला ती खुडणं थांबवून रस्त्याकडे बघायची.

पंधरवड्यानं एका दुपारी शिरगुप्पे स्वतः आले. सगळीकडचं वाळून कोळ झालं असताना एवढे वेल हिरवे कसे, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी चपला काढल्या, चार पावलं आत आले आणि त्यांच्या दोन्ही हातांवर सरसरून काटा आला. त्यांनी हात निरखून पाहिले. मग खिशातून अहवालाची नक्कल काढली, वाचली, शिक्का उन्हात धरून पाहिला.

आक्काताईनं पदरानं कोरडं कपाळ पुसलं.

"लई उकडतंय बगा, मालक."

शिरगुप्पेंनी पुन्हा हातांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे.

"कणकण आलीया वाटतं मला," ते म्हणाले.

"आली आसंल की. त्वांड बी उतारलंय तुमचं. उनात नगा फिरू."

ते तसेच डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि शिरगुप्पेंनी त्या नेमानं घेतल्या. आक्काताई दिवस मावळेपर्यंत पानं खुडत राहिली. मधून मधून ती कपाळ पुसत होती, कारण रस्त्यावरून माणसं जात-येत होती.