फॉर्मची मागची बाजू

माणसं विसरतात, कागदाला वाळवी लागते, पण कॉम्प्युटरला काही म्हणजे काही होत नाही, असं अनंत खानोलकर मुलुंड पूर्वेला भेटेल त्याला सांगत सुटला होता. साल एकोणीसशे एकोणनव्वद. एका देणगीदाराने वधूवर सूचक मंडळाला वीस एमबीची हार्ड डिस्क असलेला कॉम्प्युटर दिला होता, आणि घाटकोपरला तीन महिन्यांचा कोर्स केलेला मंडळात एकटा अनंतच होता. ऑफिस सुटलं की तो मंडळाच्या खोलीत येई, चपला बाहेर काढी आणि कॉम्प्युटरसमोर बसे.

सहाशे बारा फॉर्म त्याने पाच महिन्यांत टाइप केले. समोर मंडळ चालवणाऱ्या माणिकताई सबनीस बसत आणि एकेक फॉर्म पुढे सरकवत. फॉर्मच्या पुढच्या बाजूला मुला-मुलीची माहिती, मागच्या बाजूला शाईच्या पेनाने लिहिलेले माणिकताईंचे शेरे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं की मागचं माझं आहे, ते मशीनमध्ये जायचं नाही आणि तू वाचायचंही नाहीस. अनंतने वाचलं नाही. वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, जे उलटू नको म्हटलं ते उलटत नाही.

अनंत एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याचा स्वतःचाही फॉर्म होता, क्रमांक सत्याऐंशी. दहा वर्षांपूर्वी आईने भरलेला, छंदाच्या रकान्यात 'वाचन, संगीत' असं लिहून. तो वाचायचाही नाही आणि गायचाही नाही. आई गेली, फॉर्म तसाच राहिला. संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरलं की आधी रेडिओ लावायचा, कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून, ही त्याची रीत.

टाइप करता करता तीनशे एक्केचाळीस नंबरचा फॉर्म आला. पद्मजा, वय सदतीस, बोरिवलीच्या शाळेत शिक्षिका. छंदाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काही विशेष नाही'. सहाशे बारा जणांत वाचन, संगीत, भरतकाम यांचा नुसता पूर आलेला, त्यात ही एकटी खरं बोलत होती. अनंतची बोटं थांबली. हिला आपण पत्र लिहायचं, दसऱ्याच्या दिवशी, स्वतः, असं त्याने तिथेच ठरवलं. पत्ता टिपून घ्यायचं मात्र त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. कॉम्प्युटरमध्ये होता ना!

सगळं टाइप झाल्यावर फॉर्मचे गठ्ठे त्यानेच कुंडलिक रद्दीवाल्याला देऊन टाकले. जागा अडते, म्हणाला. माणिकताईंचा जीव खालीवर होत होता, पण मशीनपुढे त्यांचं काय चालणार!

मग आली खंडेनवमी. यंत्राची पूजा करायची, देणगीदार येणार. अनंतने दोन रविवार घालवून पडद्यावर फुल्याफुल्यांचा 'श्री' काढला होता. गुरुजी आले, खोलीकडे बघून म्हणाले की यंत्राचं तोंड दक्षिणेला आहे, असं चालणार नाही, पाटावर पूर्वेला तोंड करून ठेवा. आता मशीन बंद केलं तर ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागणार, आणि तेवढ्यात देणगीदार जिना चढत होते. अनंतने विचार केला, 'श्री' तसाच राहू दे. त्याने चालू मशीन दोन्ही हातांनी उचललं, लहान मुलाला न्हाणीतून उचलावं तसं जपून, आणि वळता वळता त्याचा पाय रांगोळीच्या डब्यावर पडला. मशीन पाटावर धाडकन बसलं. आतून खर्रर्र असा आवाज आला.

गुरुजींनी अक्षता टाकल्या. देणगीदारांनी विचारलं, हा आवाज कसला. अनंत म्हणाला, काम करतंय. पडद्यावरचा 'श्री' जागच्या जागी होता, त्यामुळे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पेढे खाल्ले. लोक गेल्यावर अनंतने तीनशे एक्केचाळीस नंबर मागितला. मशीन पुन्हा खर्रर्र म्हणालं आणि पडद्यावरून 'श्री'ही गेला.

ट्रॉम्बेला अणुसंशोधनात असलेला विद्याधर हा माणिकताईंचा पुतण्या. जो अणू फोडतो त्याला ही डबी उघडणं काय अवघड, असं सगळ्यांचं म्हणणं. तो रविवारी आला, तीन तास खटपट केली आणि शेवटी घाम पुसत सांगितलं की आतली तबकडी खरवडली गेली आहे.

"बॅकअप ठेवला असशील ना?" त्याने विचारलं.

"ठेवलाय तर! सगळ्याच्या दोन-दोन प्रती आहेत," अनंत म्हणाला.

"कुठे?"

"ह्याच्यातच. दुसऱ्या नावाने."

विद्याधरने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. तीन तासांच्या मेहनतीतून त्याने जे काही वाचवलं ते कागदावर छापून दिलं. दोन पानं भरून 'वाचन, संगीत, भरतकाम' होतं. कोणाचं, ते नव्हतं. तो जाताना म्हणाला, कागद असतीलच की मूळचे, त्यावरून पुन्हा टाइप कर.

अनंत तसाच कुंडलिककडे धावला. कुंडलिक म्हणाला, कागद जाड होता, म्हणून दशरथ भेळवाला घेऊन गेला, वर्तमानपत्राची शाई भेळेला लागते अशी त्याच्याकडे तक्रार होती. दशरथची गाडी स्टेशनबाहेरच. तिथे मुलुंडच्या उपवर मुला-मुलींचा गठ्ठा कुरमुऱ्यांच्या पोत्याशेजारी पडला होता, आणि वरच्या फॉर्मवर कोणीतरी चटणीपुरी खात होतं.

अनंतने गठ्ठा परत मागितला. दशरथ म्हणाला, साहेब, मग भेळ काय तुमच्या हातावर देऊ? विनवण्या झाल्या, दुसरा कागद आणून देतो म्हणून झालं, पण दशरथ ऐकेना. देवाने एकदाच चांगला कागद दिलाय, म्हणाला. भेळ घ्या, कागद तुमचा. गठ्ठा चाळूनही देईना, कागदाला सारखे हात लावलेले गिऱ्हाइकाला आवडत नाहीत. म्हणून अनंतने भेळ खायला सुरुवात केली.

रोज संध्याकाळी चार भेळी. शिवाय दुसऱ्यांचं खाऊन होईपर्यंत शेजारी उभं राहायचं आणि नम्रपणे कागद मागायचा. काही जण द्यायचे, काही जण घाबरून अर्धी भेळही द्यायचे. दशरथ भेळ नेहमी पुढच्या बाजूवरच घालायचा, त्यामुळे कोणाची उंची चिंचेच्या पाण्यात गेली, कोणाचं गोत्र कांद्याखाली पुसलं. अनंतने एकदा सुचवलं की मागच्या बाजूवर घाल, तर दशरथने मान हलवली. मागे शाईचं पेन आहे, शाई उतरते, भेळ निळी होते.

त्यामुळे माणिकताईंचे शेरे मात्र स्वच्छ हाती येत. न वाचून सांगतो कोणाला! 'मुलगा बरा, वडील फार बोलतात.' 'मुलगी हुशार, त्यामुळे अडलंय.' 'आईला विचारून सांगतो म्हणाला, तीन वर्षं झाली.' खाली सुचवलेल्या स्थळांचे नंबर आणि प्रत्येकासमोर उत्तर. अनंतचं पोट बिघडलं, ऑफिसात अर्धी रजा पडू लागली, पण तो घरी नेऊन कागद पुसायचा, तारेवर वाळत घालायचा. आता घरात रेडिओ लावायची आठवण होत नव्हती.

खानोलकर स्टेशनबाहेर उष्टे कागद गोळा करतो, ही बातमी मुलुंडभर झाली. काहींनी नोकरी गेल्याचं सांगितलं, काहींनी डोक्यावर परिणाम झाल्याचं. शेवटी माणिकताई स्वतः गाडीपाशी आल्या. अनंतच्या हातात पुदिन्याने भिजलेला कोणीतरी इंजिनिअर होता.

"कोणाचा फॉर्म एवढा शोधतोयस रे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचेच," अनंत म्हणाला. खरं सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित पत्ता दिलाही असता, पण एक्केचाळिसाव्या वर्षी असं काही सांगायला तोंड उघडत नाही.

माणिकताईंनी त्याच्या हातातल्या इंजिनिअरकडे पाहिलं. "सगळंच सापडायला हवं असं नसतं, अनंता," एवढं बोलून त्या गेल्या. त्या थकल्यात, असं अनंतला वाटलं.

अकराव्या दिवशी तिसऱ्या भेळेखालच्या कागदावर, पुरीने शेव गोळा करताना, 'बोरिवली' दिसलं. अनंतने भेळ दशरथच्या पातेल्यात परत ओतली, दशरथ ओरडला तरी. पत्ता शाबूत होता. शाळेचं नाव, इमारतीचं नाव, मजला, सगळं. 'काही विशेष नाही'वर थोडी चटणी होती, ती त्याने रुमालाने हळूच टिपली. त्याला इतकं बरं वाटलं की हसावं की काय करावं कळेना. दसरा गेला तर गेला, दिवाळी होतीच.

मग सवयीने त्याने कागद उलटला.

माणिकताईंचं अक्षर नेहमीसारखं सुरेख होतं. 'मुलगी सरळ. उगाच बोलत नाही.' खाली तीन नंबर. दोघांपुढे 'त्यांचा नकार'. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं: 'क्र. ८७. दोनदा कळवले. मुलीचा नकार. कारण विचारले, म्हणाली काही विशेष नाही. मुलास कळवू नये.'

सत्याऐंशी म्हणजे अनंत स्वतः. पहिल्या दिवशी माणिकताईंनी मागची बाजू वाचू नको म्हणून का बजावलं होतं, ते त्याला आता कळलं. गठ्ठ्यात अजून दोनशेच्या वर फॉर्म होते, आणि त्यातल्या कुणाकुणाला असंच काहीतरी कळवलेलं नसणार.

"मिळाला वाटतं तुमचा कागद," दशरथ म्हणाला. "मग उद्यापासून येणार नाही?"

"येईन. अजून पुष्कळ आहेत," अनंत म्हणाला. "फक्त उद्यापासून भेळ मागच्या बाजूवर घालत जा."

"साहेब, सांगितलं ना, शाई उतरेल."

"उतरू दे," अनंत म्हणाला.